शुगरच्या गोळ्या परवडत नाहीत म्हणून एक दिवसाआड घेणं: बाबांच्या बिलाबद्दल सविस्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की बाबा ६८ वर्षांचे, आई-बाबा दोघंच इंदूरला सुदामा नगरला राहतात, तुम्ही पुण्याला, बाबांना बारा वर्षांपासून टाइप टू डायबिटीस, औषधांचं बिल महिन्याला साडेतीन हजारांच्या आसपास, पेन्शन बेताची. आणि आता आईकडून कळलं की बाबा काही महिन्यांपासून गोळ्या एक दिवसाआड घेतायत आणि डॉक्टरांना त्यांनी हे सांगितलेलं नाही. कोणी म्हणतं जेनेरिक (म्हणजे ब्रँडशिवाय, मूळ नावाने मिळणारं औषध) घ्या, कोणी म्हणतं त्यात दम नसतो, आणि मामांनी कसलंसं चूर्ण पाठवलंय. मी इंदूरलाच फार्मासिस्ट आहे, आधी हॉस्पिटलच्या फार्मसीत होते, आता बरीच वर्षं दुकानात काउंटरवर आहे, त्यामुळे अशी घरं रोज बघते. गोळी बदलायची की बंद करायची हे डॉक्टरच ठरवणार, पण पैसे कुठे जातात आणि धोका कुठे असतो हे मी नीट सांगू शकते.

सगळ्यात आधी ते एक दिवसाआडचं. बाबांवर ओरडू नका, पैसे वाचवायला माणूस हेच करतो. पण पुढे काय होतं ते बघा. गोळ्या अर्ध्या घेतल्या की तीन महिन्यांनी एचबीएवनसी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी रक्ततपासणी) वाढलेली येते, डॉक्टरांना वाटतं पूर्ण डोस घेऊनही शुगर आटोक्यात नाही, ते डोस वाढवतात किंवा अजून एक महागडी गोळी जोडतात, बिल अजून वाढतं, मग बाबा अजून गाळतात. आणि मग कधीतरी दिवाळीला मुलगा घरी येतो, डबी भरून देतो, आई समोर उभी राहून सगळ्या गोळ्या वेळेवर देते आणि दोन दिवसांत शुगर ५५ वर येऊन माणूस घामाघूम होऊन पडतो, कारण तो वाढवलेला डोस त्याच्या शरीराने कधी पूर्ण घेतलेलाच नव्हता. म्हणून तुम्ही पण फोनवर "उद्यापासून सगळ्या घ्या" असं सांगू नका. आधी डॉक्टरांना खरं कळू दे. सरळ सांगायचं, की डॉक्टरसाहेब, गेले काही महिने औषध अर्धंच घेतलंय, महिन्याला हजार-बाराशेच्या वर जमत नाही, त्यात काय बसतं ते लिहून द्या. यात लाजायचं काही नाही. बहुतेक डॉक्टर हे ऐकून चिठ्ठी बदलून देतात, त्यांना आकडा कळायला हवा फक्त.

आता बिल. साडेतीन हजार म्हणजे सगळी शुगरचीच औषधं असतील असं मला वाटत नाही. आईला सांगा बिलाचा फोटो पाठवायला आणि त्याचे तीन भाग करा: शुगरच्या गोळ्या, बीपी-कोलेस्टेरॉलच्या गोळ्या, आणि बाकी. हे "बाकी"च बऱ्याच घरांत हजाराच्या वर जातं, म्हणजे मल्टिव्हिटॅमिन, नसांच्या ताकदीची कॅप्सूल, डायबिटीसवाल्यांची प्रोटीन पावडर, शुगर-फ्री बिस्किटं. डॉक्टरांना पहिलं विचारायचं ते हे, की यातलं काय बंद केलं तर चालेल. पण बीपीची आणि कोलेस्टेरॉलची गोळी या "बाकी"त टाकू नका हं, डायबिटीसमध्ये हार्ट अटॅक आणि किडनीचं संकट तीच अडवते, आणि ती बहुतेक करून स्वस्तच असते. बी ट्वेल्व्ह व्हिटॅमिनचं पण असंच, मेटफॉर्मिन ही शुगरची नेहमीची गोळी वर्षानुवर्षं घेतली की शरीरातलं बी ट्वेल्व्ह कमी होऊ शकतं, पाय बधिर होतात आणि सगळे त्याला शुगरचा त्रास समजतात. तेव्हा ते तपासून घ्यायचं आणि कमी असेल तर साधी बी ट्वेल्व्हची गोळी घ्यायची, त्यासाठी पंधरा गोष्टी घातलेली महागडी कॅप्सूल लागत नाही.

मग शुगरच्या गोळ्या. इथे एक गोष्ट पेशंटला कोणी सांगत नाही. मागच्या काही वर्षांत डायबिटीसच्या बहुतेक महागड्या गोळ्यांची पेटंट भारतात संपलीत. व्हिल्डाग्लिप्टिनचं २०१९ च्या शेवटी, डापाग्लिफ्लोझिनचं २०२० मध्ये, सिटाग्लिप्टिनचं २०२२ मध्ये, लिनाग्लिप्टिनचं २०२३ मध्ये आणि एम्पाग्लिफ्लोझिनचं मार्च २०२५ मध्ये. पेटंट संपलं की दहा-वीस कंपन्या तीच गोळी काढतात आणि भाव धाडकन खाली येतो. पण ज्याची चिठ्ठी पाच वर्षांपूर्वीची आहे आणि जो दर महिन्याला जुनी स्ट्रिप दाखवून "हीच द्या" म्हणतो, त्याला तोच जुना महाग ब्रँड मिळत राहतो. दुकानदार पण गप्प बसतो, काही दुकानदार मुद्दाम गप्प बसतात हे माझ्याच धंद्यातलं वाईट आहे आणि मी ते लपवणार नाही. तेव्हा बाबांच्या प्रत्येक स्ट्रिपच्या मागे बारीक अक्षरात औषधाचं मूळ नाव आणि मिलिग्रॅम लिहिलेलं असतं त्याचा फोटो मागवा, आणि वरच्या पाचांपैकी काही असेल तर डॉक्टरांना विचारा की याचा स्वस्त ब्रँड किंवा जेनेरिक चालेल का.

जनऔषधी म्हणजे सरकारी योजनेतली स्वस्त जेनेरिक औषधांची दुकानं, तिथलं एक उदाहरण देते म्हणजे अंदाज येईल. सप्टेंबर २०२२ मध्ये सिटाग्लिप्टिन जनऔषधी केंद्रात आली तेव्हा ५० मिलिग्रॅमच्या दहा गोळ्या ६० रुपयांना होत्या आणि बाजारात ब्रँडवाल्या १६० ते २६० च्या मधे कुठेतरी. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड या शुगरच्या जुन्या गोळ्या तर तिथे इतक्या स्वस्त मिळतात की महिन्याचं औषध एका प्लेट पोहे-जलेबीच्या हिशोबात येतं. दम नसतो म्हणणाऱ्यांना सांगा, की या योजनेत माल डब्ल्यूएचओ-जीएमपी प्रमाणपत्र असलेल्या कंपन्यांकडून घेतात आणि प्रत्येक बॅच एनएबीएल मान्यतेच्या लॅबमध्ये तपासून मगच केंद्रात येते. माझ्या बघण्यात शुगरच्या औषधांत ब्रँड ते जेनेरिक बदल नीट केला तर काही बिघडत नाही. बिघडतं ते चुकीची जोडी लावली की. साधी मेटफॉर्मिन आणि एसआर (हळूहळू सुटणारी) मेटफॉर्मिन वेगळी, ५०० आणि १००० वेगळी, आणि चिठ्ठीत एकाच गोळीत तीन औषधं असतील तर जनऔषधीत ती बऱ्याचदा दोन वेगळ्या गोळ्यांत घ्यावी लागतात. म्हणून डॉक्टरांकडून मूळ नावाने, मिलिग्रॅम आणि एसआर सकट चिठ्ठी लिहून घ्या. बदलल्यावर पहिले दोन आठवडे उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची शुगर अधूनमधून बघा, मनातली शंका जाते.

जनऔषधीची एक खरी अडचण आहे, कधीकधी माल संपलेला असतो. गोळ्या संपायच्या आठ-दहा दिवस आधीच जायचं. जनऔषधि सुगम नावाचं सरकारी ॲप आहे, त्यात जवळचं केंद्र आणि औषधाचा भाव दोन्ही दिसतं, ते पुण्यात बसून तुम्ही बघू शकता आणि आईला सांगू शकता. संजीवनी क्लिनिक (मध्य प्रदेश सरकारचे वस्तीतले छोटे दवाखाने) आणि इतर सरकारी दवाखान्यांत मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइडसारखी मूळ औषधं फुकट मिळतात. नवीन गोळ्या तिथे मिळतीलच असं नाही, पण ज्याचं बिल मेटफॉर्मिन आणि बीपीच्या गोळीचंच आहे त्याने पैसे का घालवावेत. आयुष्मान कार्डाबद्दल बऱ्याच जणांचा गैरसमज आहे, ७० च्या पुढच्यांना आता सगळ्यांना मिळतं आणि तुमचे बाबा दोन वर्षांत त्यात बसतील, पण त्यावर हॉस्पिटलात भरती झाल्यावरचा खर्च मिळतो, दर महिन्याच्या गोळ्या मिळत नाहीत. दवा बाजारात, म्हणजे इंदूरच्या औषधांच्या घाऊक बाजारात जाणाऱ्यांना एमआरपीवर चांगली सूट मिळते, जरूर जा, फक्त बॅच नंबर लिहिलेलं पक्कं बिल घ्या आणि एक्सपायरी बघा. दुकानदार अर्धी स्ट्रिप कापून देतो तेव्हा तारखेची बाजू त्याच्याकडेच राहते, ती वाचून बिलावर लिहून घ्या. आणखी एक, सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक औषधांवरचा आणि ग्लुकोमीटर-स्ट्रिपवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ वर आलाय, तेव्हा जुन्या एमआरपीचा माल जुन्याच भावाने कोणी लावत असेल तर विचारा.

ग्लुकोमीटरच्या स्ट्रिप्स हा पण खर्चच आहे. फक्त मेटफॉर्मिनवर असलेला माणूस रोज सकाळी बोट टोचत असेल तर त्यातून फारसं काही हाती लागत नाही. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडवाल्याने मात्र तपासायलाच हवं. डबीचं झाकण लगेच घट्ट लावायचं, पावसाळ्यात दमट हवा लागली की स्ट्रिप चुकीचे आकडे दाखवते.

आता सुरक्षिततेचं, आणि इथे मी जास्त लिहिणार आहे कारण माणसं इथेच दुखावतात.

रामबागेतल्या एक काकू काउंटरवर आल्या, हातात कापडी पिशवी, म्हणाल्या, "अगं बघ ना, हॉस्पिटलातून आल्यापासून रोज अकराच्या सुमारास मला घाम फुटतो, हात थरथरतात, मुलगी म्हणते बीपी आहे." मी पिशवी काउंटरवर रिकामी केली. दोन स्ट्रिप्स, एक लाल अक्षरांची एक निळ्या, नावं अगदी वेगळी, एक घरची जुनी, एक डिस्चार्जच्या कागदावरची नवीन, आणि काकू दोन्ही घेत होत्या कारण जुनी बंद करा असं त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. दोन्ही उलटून मागचं बारीक वाचलं तर दोन्हींत तेच, ग्लिमेपिराइड २ आणि मेटफॉर्मिन ५०० एसआर. म्हणजे रोज दुप्पट. तिथल्या तिथे डॉक्टरांना फोन लावला, जुनी स्ट्रिप बंद झाली आणि त्यांचा घाम पण थांबला. म्हणून ब्रँड बदलला, डॉक्टर बदलला किंवा हॉस्पिटलातून घरी आलं की घरातल्या सगळ्या स्ट्रिप्स एका टेबलावर मांडायच्या आणि मागची मूळ नावं जुळवायची. नावापुढच्या अक्षरांवर भरवसा ठेवू नका, व्ही बघून आत काय आहे ते कळत नाही, व्होग्लिबोज पण व्हीनेच सुरू होतं आणि व्हिल्डाग्लिप्टिन पण. आणि सिटा, व्हिल्डा, लिना, टेनेली ही सगळी ग्लिप्टिन एकाच कुटुंबातली, यातल्या दोन एका चिठ्ठीत दिसल्या तर लगेच विचारा.

ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, जुनी ग्लिबेनक्लामाइड, या गोळ्या स्वस्त आहेत आणि कामाच्या आहेत पण शुगर खाली पाडतात, पोटात अन्न असो नसो. सकाळच्या खाण्याच्या जरा आधी किंवा खाण्याबरोबर घ्यायच्या, आणि गोळी घेऊन मग पूजा, मग फिरणं, मग अकराला नाश्ता असं नाही चालत. एकादशी, चतुर्थी, नवरात्राचे उपास करणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारून त्या दिवसाचा डोस ठरवून घ्यायचा. आपल्याकडे उलटंही होतं, दिवसभर काही नाही आणि संध्याकाळी साबुदाण्याची खिचडी पोटभर, म्हणजे दुपारी ६० आणि रात्री ३००. उपास सोडा असं मी कोणाला म्हणत नाही, फक्त गोळी आणि उपास यांचं आधी बोलून घ्या.

शुगर ७० च्या खाली गेली किंवा घाम, थरथर, धडधड, एकदम चिडचिड, असंबद्ध बोलणं दिसलं की तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच द्यायची, पंधरा मिनिटांनी परत तपासायचं, कमीच असेल तर परत द्यायची, बरं वाटल्यावर पोळी-बिस्किट काहीतरी खायला द्यायचं. पण गोळीत व्होग्लिबोज किंवा अकार्बोज असेल तर घरची साखर लवकर काम करत नाही, कारण ते औषध साखरेचं पचनच आतड्यात अडवून धरतं. तिथे ग्लुकोज पावडरच लागते, ग्लुकॉन-डी चालते, घरात एक डबा ठेवाच. आपल्याकडे तीन औषधं एकत्र असलेल्या कितीतरी गोळ्यांत व्होग्लिबोज असतं आणि घरच्यांना पत्ता नसतो. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काही घालायचं नाही, १०८ ला फोन करायचा. आणि ग्लिमेपिराइडने शुगर पडली असेल तर एकदा वर आली म्हणून झोपू देऊ नका, ती काही तासांनी परत पडू शकते, वयस्कर माणसाला दवाखान्यात दाखवलेलं बरं.

डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या लघवीवाटे साखर बाहेर टाकतात, हार्ट आणि किडनीला त्यांचा खरा फायदा होतो, म्हणून बाबांना ती असेल तर पैसे वाचवायला सगळ्यात आधी तीच बंद करू नका. फक्त पाणी नीट प्यायचं, एप्रिल-मेच्या उन्हात जास्तच, आणि लघवीच्या जागी खाज-जळजळ झाली की लाजून गप्प बसायचं नाही. उलट्या-जुलाब लागले, खाणं बंद झालं, तर ही गोळी आणि मेटफॉर्मिन काही दिवस थांबवावी लागते, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करायचा. ऑपरेशन ठरलं तर ही गोळी साधारण तीन दिवस आधी बंद करतात, डोळ्याचं असो की गुडघ्याचं, सर्जनला आपण होऊन सांगायचं आणि तो म्हणेल तसं करायचं. या गोळीवर शुगर फार वाढलेली नसतानाही रक्तात ॲसिड वाढू शकतं, म्हणून मळमळ, पोटदुखी आणि जोरजोरात श्वास असं एकत्र दिसलं तर "शुगर तर दोनशेच आहे" म्हणून घरी बसू नका.

मेटफॉर्मिनने पोट बिघडत असेल तर जेवणानंतर घ्यायची आणि एसआर मागून घ्यायची. एसआर गोळी तोडायची किंवा कुटायची नाही, हळूहळू सुटण्यासाठी बनवलेलं औषध एकदम सुटतं. शौचात गोळीचं रिकामं कवच दिसलं तरी घाबरू नका, औषध आत गेलेलं असतं. ईजीएफआर, म्हणजे किडनी किती काम करते त्याचा आकडा, ४५ च्या खाली गेलं की मेटफॉर्मिनचा डोस परत बघावा लागतो आणि ३० च्या खाली ती बंदच करतात, म्हणून वर्षातून एकदा तरी क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन तपासायचं, यात पैसे वाचवू नका. आणि गुडघेदुखीसाठी दुकानातून उगाच डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन घ्यायची सवय असेल तर ती मोडा, किडनी त्यानेही जाते.

आई इन्सुलिनबद्दल घाबरलीय असं लिहिलंयत. बाबांना इन्सुलिन लागेलच असं नाही, लागलं तरी ती शिक्षा नव्हे, आणि साधं ह्यूमन इन्सुलिन बऱ्याचदा तीन-तीन नव्या गोळ्यांपेक्षा स्वस्त पडतं. पण सिरिंजकडे बघा. आपल्याकडे कुपीतलं ह्यूमन इन्सुलिन बहुतेक ४० युनिटवालं असतं, त्याला लाल टोपीची यू-४० सिरिंज. पेनमधलं १०० युनिटवालं असतं, आणि १०० युनिटची सिरिंज नारिंगी टोपीची. लाल आणि नारिंगी घाईत सारखेच वाटतात. ४० च्या कुपीला नारिंगी सिरिंज लावून २० च्या रेघेपर्यंत भरलं तर जातात फक्त ८ युनिट. आणि पेनच्या कार्ट्रिजमधून लाल सिरिंजने २० पर्यंत ओढलं तर जातात ५० युनिट, हे जीवावर बेतू शकतं. कुपीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा एकच हवा, दर वेळी वाचून घ्यायचा. न उघडलेली कुपी फ्रिजमध्ये, पण फ्रीझरमध्ये नाही आणि बर्फाला टेकून पण नाही. उघडलेली साधारण चार आठवडे. उन्हाळ्यात उभ्या गाडीत ठेवलेलं इन्सुलिन वापरू नका.

मामांच्या चूर्णाबद्दल. कशाचं आहे, कोणी बनवलं, लायसन्स नंबर काय, हे पाकिटावर नसेल तर बाबांना देऊ नका. अशा चूर्णांत ॲलोपॅथीची शुगरची गोळी दळून मिसळलेली सापडल्याची प्रकरणं देशात आणि परदेशातही झालेली आहेत. म्हणूनच "चार दिवसांत फरक पडला" असं वाटतं, आणि बाबा त्यावर आपल्या गोळ्या पण घेत असतील तर परत त्या काकूंसारखंच होईल. मेथी, कारलं भाजीत खाऊ द्या, त्याने काही बिघडत नाही. मामांना वाईट वाटू नये म्हणून सांगा की डॉक्टरांना दाखवून मगच सुरू करू.

तर डॉक्टरांकडे जाण्याआधी आईकडून एवढं तयार ठेवा: सगळ्या स्ट्रिप्सच्या मागच्या बाजूचे फोटो, बाबा खरंच कोणती गोळी किती दिवसांनी घेतात ते लिहिलेला कागद, नवीन एचबीएवनसी आणि क्रिएटिनिन, मागच्या महिन्याचं बिल, आणि महिन्याला किती रुपये जमतील तो आकडा. डॉक्टरांना हे पण विचारा की बाबांसाठी एचबीएवनसी किती ठेवायची, ६८ व्या वर्षी कोणाला ७ ठीक तर कोणाला साडेसात, शुगर वारंवार पडत असेल तर आठ पण चालते, आणि लक्ष्य सैल झालं की कधीकधी एखादी गोळी आपसूक कमी होते. स्ट्रिप्सवरची मूळ नावं आणि मिलिग्रॅम इथे टाइप करून टाका, बाबांचं नाव-नंबर नको, त्यातली कुठली जनऔषधीत मिळते आणि कुठे औषध दोनदा होतंय ते मी बघून सांगते.